गाढविणीचं दूध १० हजार रुपये लिटर. पण त्या चमच्यात नेमकं काय असतं? शिंगरू वाढतं तशी दुधातली प्रथिनं कशी बदलतात, समजून घ्या

धामणगाव बढे (जि. बुलढाणा) : ‘गाढविणीचं दूध घ्याऽऽ’ ही हाळी विदर्भ-मराठवाड्यातल्या गावांना नवी नाही. पुढे एक माणूस, मागे दोरीला गाढवीण, तिच्या पायापायांत शिंगरू. ज्या घरात नवं बाळ आहे तिथं गाढवीण थांबते, दारातच धार काढली जाते आणि ते कोमट दूध चमच्याने थेट बाळाच्या तोंडात जातं. खोकला होत नाही, डबा होत नाही, बाळ काटक होतं, अशी त्यामागची समजूत.

वाशिम ओलांडलं की लागणारी हिंगोली आणि धाराशिव जिल्ह्यातलं उमरगा इथं २०२१-२२ च्या सुमारास या दुधाचा भाव १० हजार रुपये लिटर असल्याच्या बातम्या आल्या आणि व्हायरलही झाल्या. अर्थात लिटरभर कुणीच घेत नाही. व्यवहार होतो तो १० मिलीचा, म्हणजे शंभराच्या नोटेचा. शंभर रुपये ही रक्कम अशी आहे की नातवासाठी आजी ती कमरेच्या पिशवीतून सहज काढते आणि कुणी अडवतही नाही.

अशा वेळी दोन टोकाची उत्तरं मिळतात. एक, ‘सगळी अंधश्रद्धा आहे.’ दुसरं, ‘सायन्सने सिद्ध झालंय, फॉरेनमध्ये पण देतात.’ गंमत म्हणजे दोन्ही उत्तरांत थोडं थोडं तथ्य आहे. गाढविणीच्या दुधावर खरोखरच भरपूर संशोधन झालंय. पण त्या संशोधनात एक प्रश्न सतत विचारला जातो, जो आपल्या दारात कुणीच विचारत नाही : गाढवीण व्यायला किती दिवस झाले?

आधी खरवस आठवा

प्रथिनं बदलतात म्हणजे काय, हे कळण्यासाठी प्रयोगशाळेत जायची गरज नाही. गाय किंवा म्हैस व्याली की शेजारून चीक येतो. पहिल्या दिवसाचा चीक असेल तर खरवस सुरीने कापावा असा घट्ट बसतो, वर आणखी साधं दूध घालावं लागतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचा असेल तर तो हलका होतो. आठवड्याने त्याच गायीचं दूध कितीही वाफवलं तरी खरवस होत नाही. म्हणून तर घरातली बाई तांब्या हातात घेतानाच विचारते, ‘कितव्या दिवसाचा?’

हा सगळा प्रथिनांचा खेळ आहे. गायीच्या पहिल्या धारेच्या चिकात साधारण १४ टक्के प्रथिनं असतात. नेहमीच्या दुधात ती तीन-सव्वातीन टक्क्यांवर येतात. चिकातली बहुतेक प्रथिनं प्रतिपिंडं, म्हणजे रोगजंतूंशी लढणारे रेणू असतात. ती उष्णतेने गोठतात आणि खरवस बसतो.

गाढविणीचाही चीक असतो आणि शिंगरासाठी तो जीवनमरणाचा प्रश्न असतो. गाढव-घोड्यांमध्ये वारेची रचना अशी असते की आईची प्रतिपिंडं गर्भात पोचतच नाहीत. शिंगरू जन्मतं तेव्हा त्याच्याजवळ स्वतःचं संरक्षण जवळपास शून्य असतं. पहिल्या २४ तासांतच त्याच्या आतड्याला चिकातली प्रतिपिंडं जशीच्या तशी रक्तात शोषून घेता येतात, नंतर ते दार बंद होतं. त्यामुळे पहिल्या काही तासांच्या चिकात प्रथिनांचं प्रमाण सगळ्यात जास्त आणि एक-दोन दिवसांत ते झपाट्याने खाली.

माणसाच्या बाळाचं तसं नाही. त्याला बरीचशी प्रतिपिंडं जन्माआधीच वारेतून मिळालेली असतात. उरलेलं काम, म्हणजे घसा-आतड्याच्या आतल्या थरावर पहारा ठेवायचं, आईच्या चिकातली वेगळ्या प्रकारची प्रतिपिंडं करतात. दोन प्रजातींच्या दोन गरजा, त्यानुसार दोन वेगळे चीक.

गाढविणीच्या दुधात असतं काय?

चिकाचे दिवस संपल्यावरचं दूध घेऊ. चीनच्या शिनजियांग प्रांतातल्या गाढविणींवर २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरासरी प्रमाण असं आलं : प्रथिनं १.५७ टक्के, स्निग्धांश १.१६ टक्के, दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज ६.३३ टक्के. आता शेजारी गायीचं दूध ठेवा : प्रथिनं तीनहून जास्त, स्निग्धांश साडेतीन-चार, लॅक्टोज पाचच्या आत. आईचं दूध : प्रथिनं एक-सव्वा टक्क्याच्या आसपास, स्निग्धांश साडेतीन-चार, लॅक्टोज सात टक्क्यांच्या जवळ.

म्हणजे प्रथिनं आणि साखर पाहिली तर गाढविणीचं दूध गायीपेक्षा आईच्या दुधाच्या जवळ जातं. ‘आईच्या दुधासारखं’ हा जो डायलॉग फिरतो तो इथून आला. त्यात स्निग्धांशाचा रकाना मात्र सोयीस्करपणे गाळला जातो. १०० मिली आईच्या दुधातून साधारण ६५ कॅलरी मिळतात. गाढविणीच्या तेवढ्याच दुधातून ४० च्या आसपास. वाढत्या बाळाला हे पातळ ताक पाजल्यासारखंच झालं.

प्रथिनांतही दोन गट असतात. एक केसिन, ज्याचं दही लागतं, पनीर होतं. दुसरा निवळीतली प्रथिनं, पनीर काढल्यावर जे हिरवट पाणी उरतं त्यात असणारी. गायीच्या प्रथिनांत ८० टक्के केसिन असतं. गाढविणीत ते निम्म्याच्या आसपास. त्यामुळे पोटात त्याची गाठ घट्ट बसत नाही, मऊ कणी होते आणि पचायला हलकं जातं. सर्बियात या दुधापासून ‘पुले’ नावाचं चीज करतात. किलोभर चीजला साधारण २५ लिटर दूध लागतं, म्हणून ते जगातल्या सगळ्यात महागड्या चीजमध्ये गणलं जातं. केसिनच कमी, तर चीज निघणार कुठून?

आणि मग येतो या कथेचा हिरो : लायसोझाइम. हे प्रथिन जिवाणूंच्या बाहेरच्या भिंतीतले दुवे तोडतं, भिंत फुटते, जिवाणू मरतो. पेनिसिलिनवाल्या अलेक्झांडर फ्लेमिंगनेच १९२२ मध्ये ते जगापुढे मांडलं, पेनिसिलिनच्याही आधी. आपल्या अश्रूंत, लाळेत, शेंबडात ते असतं. गाढविणीच्या दुधात ते मिलीला सरासरी एक मिलिग्रॅम. आईच्या दुधासाठी याच क्षेत्रातल्या अभ्यासांत ०.१२ मिलिग्रॅम हा आकडा दिला जातो. गायीच्या दुधात तर नाममात्र.

महिने सरतात तसं काय बदलतं?

गाढवीण साधारण १२ महिने गाभण राहते आणि व्याल्यावर सहा-सात महिने, कधी त्याहून जास्त दूध देते. या काळात दुधाची ‘रेसिपी’ एकच राहत नाही.

शिनजियांगच्या अभ्यासात १८० दिवसांपर्यंतचे नमुने होते. एकूण प्रथिनं आणि क्षार उतरत गेले, लॅक्टोज चढत गेलं. स्निग्धांशाला कसला नियमच नव्हता, तो वरखाली होत राहिला. आपल्याकडच्या पशुपालकाला हे उलटं वाटेल. म्हैस आटायला आली की तिचं दूध घट्ट लागतं, हा रोजचा अनुभव. गायी-म्हशींत शेवटच्या महिन्यांत प्रथिनं आणि स्निग्धांश वर जातात. गाढविणीत प्रथिनांची रेघ खालीच उतरत जाते.

पण ‘एकूण प्रथिनं उतरली’ हा सरासरीचा आकडा झाला. बारावीत ज्यांनी कधी क्लासच्या सरासरीआड आपले मार्क लपवलेत त्यांना कळेल की सरासरी बरंच काही झाकते. इटलीतल्या कॅमेरिनो विद्यापीठाच्या सिल्विया विन्सेन्झेत्ती आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एकेक प्रथिन वेगळं करून मोजलं. तेव्हा दिसलं की प्रत्येकाची चाल वेगळी आहे.

लायसोझाइम : व्याल्यानंतर ६० व्या दिवशी मिलीला १.३४ मिलिग्रॅम. १९० व्या दिवशी ०.८२. मध्ये थोडा चढउतार, पण एकूण कल खाली. म्हणजे ज्या घटकाच्या नावावर हे दूध विकलं जातं तो चार महिन्यांत जवळपास ४० टक्क्यांनी घटतो. भाव मात्र शंभराचे शंभरच.

अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन : हे उलट्या दिशेने जातं. सुरुवातीला मिलीला साधारण ०.८ मिलिग्रॅम, नंतर १.८ च्या आसपास जाऊन तिथं टिकतं. हे प्रथिन दुधातली साखर बनवणाऱ्या यंत्रणेचा एक भाग आहे. लॅक्टोज का चढतं, याचा एक धागा इथं सापडतो.

बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन : मिलीला पावणेचार मिलिग्रॅमच्या आसपास, फारसा बदल नाही. हे नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण आईच्या दुधात हे प्रथिन नसतंच आणि गायीच्या दुधाच्या अॅलर्जीत ते एक मुख्य संशयित असतं. ‘हुबेहूब आईच्या दुधासारखं’ म्हणणाऱ्याला हे विचारायला हवं.

असं का होतं? शिंगराकडे पाहा. पहिल्या दिवसांत त्याला संरक्षण हवं, म्हणून प्रतिपिंडं. पहिल्या दोन-तीन महिन्यांत हाडं-स्नायू झपाट्याने वाढतात, म्हणून प्रथिनं आणि क्षार जास्त. पुढे ते गवताला तोंड लावतं, स्वतःची प्रतिकारशक्ती उभी करतं, तसतसं दुधावरचं ओझं कमी होतं. त्या दुधाचा प्रत्येक बदल त्या शिंगराच्या वयाशी जुळवलेला असतो. आपल्या बाळाच्या वयाशी त्याचा काही संबंध नाही.

आणि माणसात? आईच्या दुधातलं लायसोझाइम नेमकं उलटं वागतं. स्तनपान जसं लांबत जातं, विशेषतः सहा महिन्यांनंतर, तसं ते वाढतं. बाळ रांगायला लागतं, जमिनीवरची प्रत्येक वस्तू तोंडात घालतं, त्याच सुमारास आईच्या दुधात जिवाणू मारणारं प्रथिन वाढत असतं. ‘आता वरचं खातंय, दुधात काही उरलं नाही’ असं म्हणून सातव्या महिन्यात दूध तोडायला लावणाऱ्या सासूबाईंना हा मुद्दा जरूर सांगा.

चमच्याचा हिशेब

इंजिनीअरिंगची चार वर्षं वाया जाऊ नयेत म्हणून एक साधं गणित. शंभर रुपयांच्या १० मिलीत लायसोझाइम किती? सरासरी एक मिलिग्रॅम धरलं तर १० मिलिग्रॅम. गाढवीण व्यायला सहा महिने झाले असतील तर आठ.

महिन्याभराचं, नीट दूध पिणारं बाळ दिवसाला साधारण ६०० मिली आईचं दूध पितं. ०.१२ ने गुणा : ७२ मिलिग्रॅम. तेही रोज, फुकट, ताजं आणि त्याच्याच वयाला जुळणारं. गाढविणीच्या दुधात लायसोझाइम ‘आठपट’ असतं हे खरं. पण ते मिलीला मिली ठेवल्यावर. चमचा आणि दिवसभराचं दूध शेजारी ठेवलं की आठपटीचं पारडं फिरतं आणि आई सातपटीने पुढे जाते.

गंमत म्हणून आणखी एक तुलना. कोंबडीच्या एका अंड्याच्या पांढऱ्या भागात शंभर मिलिग्रॅमहून जास्त लायसोझाइम असतं. म्हणजे लायसोझाइमच हवं असेल तर मोठ्यांसाठी किराणा दुकानातलं अंडं पुरेसं आहे. (बाळाला अंडं पाजायला सांगत नाहीये, कृपया फॉरवर्ड करताना हे वाक्य कापू नका.)

दुसरी अडचण पत्त्याची. दूध जातं अन्ननलिकेतून पोटात. डबा म्हणजे न्यूमोनिया असतो फुप्फुसात. पोटात गेलेलं प्रथिन तिथं काम करून पचतं, फुप्फुसात जाऊन जिवाणू शोधत नाही. शिवाय बाळांची सर्दी आणि बरेचसे न्यूमोनिया विषाणूंमुळे होतात, ज्यांना लायसोझाइम तोडू शकेल अशी भिंतच नसते.

तिसरी अडचण सगळ्यात साधी : कच्चं दूध. रस्त्याच्या कडेला, न धुतलेल्या सडाची धार, हजार दारं फिरलेला पेला. दुधात लायसोझाइम आहे म्हणून ते आपोआप निर्जंतुक होत नाही. या प्रथिनाचा जोर काही ठरावीक जिवाणूंवरच चालतो, बाकीचे त्याला दाद देत नाहीत. सौम्य पाश्चरायझेशनमध्ये लायसोझाइम बऱ्यापैकी टिकतं, पण दारातल्या व्यवहारात दूध तापवलं जातच नाही, कारण ‘ताजी धार’ हीच तर विक्रीची जाहिरात असते.

आणि हा चमचा कधी दिला जातो तेही पाहा. बऱ्याचदा पहिल्या काही दिवसांत, म्हणजे आईचा चीक येत असतो तेव्हा. पहिल्या दिवशी चीक थोडाच येतो, पिवळसर असतो, आणि तो पाहून ‘हिला दूधच नाही’ असा निकाल घरातच लागतो. जागतिक आरोग्य संघटना जन्मानंतर तासाभरात स्तनपान सुरू करायला आणि सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही, पाणीसुद्धा न द्यायला सांगते. आशाताई प्रत्येक गृहभेटीत हेच सांगतात. मध, घुटी, साखरपाणी यांच्या यादीत गाढविणीचा चमचाही बसतो.

मग परदेशात लहान मुलांना का देतात?

देतात, हे खरं आहे. इटलीत गायीच्या दुधाची तीव्र अॅलर्जी असलेल्या ४६ मुलांवरचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ३८ मुलांना, म्हणजे ८२.६ टक्के मुलांना, गाढविणीचं दूध आवडलं आणि सोसलं. पण ही आजारी मुलं होती, दूध डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलं गेलं, आणि कॅलरी कमी पडतात म्हणून अशा आहारात वरून स्निग्धांश मिसळण्याची काळजी घेतली जाते. उरलेल्या आठ मुलांना ते चाललं नाही, हेही त्याच अभ्यासात आहे.

त्याहून जुनं उदाहरण पॅरिसचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या अनाथ बालकांच्या रुग्णालयात जन्मतः सिफिलिस झालेल्या बाळांना थेट गाढविणीच्या सडाला लावत. दाईने दूध पाजलं तर तिला संसर्ग होईल आणि बाटलीचं दूध त्या काळी बाळांना मारायचं, म्हणून ही सोय. म्हणजे जिथं आईचं किंवा दाईचं दूध शक्यच नव्हतं, तिथं गाढवीण कामाला आली. आपल्याकडे आई शेजारच्या खोलीत असताना ती दारात येते.

गाढवांचं काय?

या चित्रातला दूधवाला फसवाफसवी करणारा आहे असं सरसकट म्हणणं सोपं आहे, पण योग्य नाही. कुंभार, वडार, बेलदार, परीट अशा कष्टकरी समाजांचं पोट पिढ्यान्‌पिढ्या गाढवांवर चाललं. विटा, वाळू, माती, कपडे सगळं त्यांच्या पाठीवर. ट्रॅक्टर आणि टेम्पो आले आणि ही कामं गेली. २०१९ च्या पशुगणनेत देशात गाढवं उरली जेमतेम १ लाख २० हजार. २०१२ च्या तुलनेत ६१ टक्क्यांची घट. महाराष्ट्रात याच सात वर्षांत ती सुमारे २९ हजारांवरून १८ हजारांच्या आसपास आली. जेजुरीच्या पौष पौर्णिमेला आणि मढीच्या यात्रेत आजही गाढवांचा बाजार भरतो.

दुधातून रीतसर उत्पन्न मिळालं तर गाढव टिकेल, हा विचार सरकारी पातळीवरही आहे. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने गुजरातच्या हलारी जातीच्या गाढविणींच्या दुधावर काम हाती घेतलंय. पण गाढविणीच्या कासेला दोनच सड, साठवण अगदी कमी, आणि शिंगरू जवळ असल्याशिवाय ती पान्हा सोडत नाही. दिवसाला लिटरभर म्हणजे चांगली. त्यात शिंगराचा वाटा राखायचा असेल तर त्याला काही तासच वेगळं ठेवून धार काढावी लागते. व्याल्यापासूनचे दिवस, दूध तापवल्याची नोंद आणि प्रथिनांची तपासणी या तीन गोष्टी बाटलीवर आल्या तर त्या दुधाला काही अर्थ राहील. साबण आणि क्रीमसाठी मात्र एवढ्या चिकित्सेची गरज पडत नाही, म्हणून सध्या तो बाजार पुढे आहे.

चमचा पाजून झालाच असेल तर?

घाबरून जाऊ नका आणि घरात भांडत बसू नका. आईचं दूध सुरू ठेवा. बाळाला जुलाब, उलट्या, अंगावर पुरळ, ताप किंवा अंग गार पडणं, दूध ओढायचं थांबणं यापैकी काही दिसलं तर लगेच दवाखाना.

खोकला असेल तर एक तपासणी घरी करता येते. बाळ शांत असताना पोटावरचा कपडा वर करा आणि मोबाइलवर एक मिनिटाचा टायमर लावून श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षभराच्या बाळाचे ५० किंवा जास्त श्वास पडत असतील, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर ती न्यूमोनियाची खूण असू शकते. ज्याला आपण ‘पोट उडतंय’ म्हणतो ते हेच. रात्र असो वा पहाट, १०८ ला फोन करा. रुग्णवाहिकेला पैसे लागत नाहीत.